घाटाखालच्या जीपगाड्या आणि गळतीची विद्या

सह्याद्रीची मुख्य भिंत पूर्वेस आणि माथेरानची डोंगररांग पश्चिमेस, अशा दोन उंचवट्यांच्या मध्ये उल्हास, पेज, चिल्लार आणि पाताळगंगा या नद्यांच्या काठाने पसरलेला जो सखल भाताचा मुलूख आहे, तो महसुली दप्तरात कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांच्या नावांनी नोंदलेला आहे. समुद्र येथून फार लांब नाही. परंतु खाडीचा वारा, मिठागरे आणि गलबते यांमुळे जो कुलाबा लोकांच्या डोळ्यांपुढे उभा राहतो तो हा नव्हे, कारण येथल्या माणसाचे लक्ष पिढ्यान्‌पिढ्या घाटमाथ्याकडे लागलेले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कर्जत हा ठाणे जिल्ह्याचा तालुका होता, पुढे तो कुलाब्यात आला आणि १९८१ साली कुलाब्याचेच नाव रायगड झाले. पण अंमल कोणत्याही कचेरीचा असो, वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक कोसळणारा पाऊस, चार महिने रस्ता अडवून बसणारे ओढे आणि डोंगराच्या कुशीत विखुरलेल्या ठाकर, कातकरी व महादेव कोळी लोकांच्या वाड्या, यांत काही फरक पडला नाही. अशा मुलुखात चाकाचे वाहन आणणे कठीण होते, आणि आणलेले वाहन म्हातारे झाल्यावरही चालते ठेवणे त्याहून कठीण. जीपगाडीने हे पहिले काम केले, ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. दुसरे काम ज्यांनी केले त्या मिस्त्री लोकांचा, आणि गाडीच्या पोटाखाली पडलेल्या एका थेंबावरून तिच्या दुखण्याचे निदान करण्याची जी विद्या त्यांनी मिळवली तिचा इतिहास मात्र कोणी सविस्तर लिहिलेला नाही, आणि माझ्या मते हा इतिहास लिहिल्यावाचून या तालुक्यांच्या दळणवळणाचा वृत्तांत अपुराच राहील.

चाक आणि तेल यांचा येथील संबंध मोटारीच्या पुष्कळ आधीचा आहे. पेशवाईत कोकण आणि पुणे यांच्यामधील माल बोरघाटाने जात असे तो मुख्यतः बैलांच्या पाठीवरून. घाटाच्या पायथ्याशी खोपोलीस नाना फडणिसांनी बांधलेला तलाव आणि महादेवाचे देऊळ यांवरून त्या वाटेने किती माणसे आणि किती जनावरे विसाव्यास थांबत असतील याची कल्पना करता येते. १८३० साली मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत गाडीरस्ता खुला झाला, तेव्हापासून बैलगाड्या घाट चढू लागल्या, आणि गाडीबरोबर वंगणही आले. आसाशी घासून चाक तापू नये, करकरू नये, म्हणून एरंडेलात भिजवलेली चिंधी घालायची, गाडीला टांगलेल्या नळ्यातून मुक्कामाच्या ठिकाणी पुन्हा वंगण द्यायचे, आणि चाकाच्या तुंब्यापाशी जमलेल्या काळ्या मळीवरून आत लाकूड किती झिजले आहे ते ओळखायचे, हा गाडीवानाचा नित्यक्रम होता. ज्या यंत्राचे अंतरंग डोळ्यांना दिसत नाही त्याची परीक्षा बाहेर आलेल्या स्नेहावरून करण्याची सवय या रस्त्याला तेव्हापासूनची आहे.

पुढे १८५६ साली आगगाडी खोपोलीपर्यंत आली, आणि १८६३ साली कर्जतहून खंडाळ्याकडे ३७ फुटांस १ फूट अशा चढणीने लोहमार्ग घाट चढून गेला. १९१५ मध्ये टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र सुरू झाले आणि १९२२ मध्ये भिवपुरीचे. घाटमाथ्यावरच्या तलावांतले पाणी ५०० मीटरांहून अधिक उंचीवरून लोखंडी नळांतून खाली आणून त्यावर चक्रे फिरवावयाची, म्हणजे नळाचा प्रत्येक सांधा, प्रत्येक झडप आणि प्रत्येक पॅकिंग डोळ्यांत तेल घालून सांभाळावयाचे. वाफ आणि पाणी या दोन्ही गोष्टींना दाबाखाली कोंडून ठेवण्याचे शास्त्र या तालुक्यांत आले ते या दोन मार्गांनी. फिटर, पॅकिंग, गास्केट, व्हॉल्व्ह हे शब्द शेतकऱ्याच्या घरात रुळले ते रेल्वेत अथवा पॉवर हाऊसवर कामास लागलेल्या मुलांमुळे असावेत, असा माझा तर्क आहे.

जीपगाडीचा जन्म युद्धातला. १९४० साली अमेरिकन लष्कराने हलक्या, चारही चाकांना जोर पोहोचणाऱ्या वाहनाची मागणी केली. बॅण्टम या लहानशा कंपनीने पहिला नमुना काही आठवड्यांत उभा केला, आणि नंतर विलिस व फोर्ड यांच्या कारखान्यांतून महायुद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून अधिक गाड्या बाहेर पडल्या. ६० अश्वशक्तीचे चार सिलिंडरांचे पेट्रोल इंजिन, ८० इंचांचा चाकतळ, आणि दार, छप्पर, काच यांपैकी जे नसले तरी चालेल ते मुळातच नसलेली ही गाडी रणांगणावर फार वर्षे जगावी अशी कोणाची अपेक्षा नव्हती. ती बिघडली तर दुसरी आणायची, हा लष्कराचा हिशेब. हिंदुस्थानात मात्र तिच्या वाट्याला दीर्घायुष्य आले. १९४५ साली स्थापन झालेल्या महिंद्र अँड महंमद या पेढीने १९४७ पासून विलिस जीपचे सुटे भाग आणून मुंबईत माझगावास त्यांची जोडणी सुरू केली. भागीदार गुलाम महंमद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले आणि तेथे पुढे गव्हर्नर जनरलच्या पदावर चढले. १९४८ साली पेढीचे नाव महिंद्र अँड महिंद्र झाले. पुढे कांदिवलीस कारखाना झाला, सुटे भागही हळूहळू येथेच घडू लागले, आणि १९५३ साली अमेरिकेत निघालेला सीजे-३बी हा उंच नाकाड्या बॉनेटचा नमुना आपल्याकडे इतकी वर्षे निघत राहिला की पुष्कळांच्या मनात जीप म्हणजे हीच आकृती ठसली. खालापूर तालुक्याचा या गाडीशी आणखीही एक संबंध आहे. साठीच्या दशकात फ्रान्समधील उजीन कंपनीच्या सहकार्याने महिंद्रांचा मिश्र पोलादाचा कारखाना खोपोलीस जगदीशनगरात उभा राहिला.

खेड्यापाड्यांत ही गाडी प्रथम पोहोचली ती सरकारी शिक्क्यानिशी. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास योजनेचा आरंभ झाला, आणि गटविकास अधिकाऱ्याची जीप ही नव्या राज्यव्यवस्थेची खूण ठरली. १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या अस्तित्वात आल्या, तेव्हा तिचा संचार आणखी वाढला. देवीची लस टोचणारे पथक, हिवतापाच्या फवारणीचे कामगार, वनखात्याचे रेंजर, बंदोबस्ताला निघालेले पोलीस, निवडणुकीच्या पेट्या, दुष्काळात धान्य, पावसाळ्यात डॉक्टर, ही सगळी माणसे आणि जिनसा खांडस, आंबिवली, कशेळे, कडाव अशा गावांच्या वेशीपर्यंत ज्या वाहनाने गेल्या ते वाहन बहुधा जीप असे. प्रत्येक गाडीचे लॉगबुक असे. किती मैल झाले, किती पेट्रोल घातले, कोणत्या कामास गाडी नेली याचा तपशील ड्रायव्हर लिही आणि साहेब त्याखाली सही करीत. गाडीत किती तेल पुन्हा पुन्हा घालावे लागते याची नोंदही त्यातच होई. माझ्या दृष्टीने ही लॉगबुके जमाखर्चाचे कागद नव्हेत, ती त्या गाड्यांची आरोग्यपत्रे होती. जिल्ह्याच्या अभिलेखागारांत त्यांतली काही जरी शिल्लक असतील तरी अभ्यासकाने ती आवर्जून पाहावीत.

सरकारी वाहनाचे आयुष्य कागदावर ठरलेले असते. ठराविक वर्षे आणि ठराविक अंतर पुरे झाले की निर्लेखनाचा प्रस्ताव जातो, यांत्रिकी शाखेचा अभियंता गाडी पाहून अभिप्राय देतो, हातची किंमत ठरते आणि लिलाव पुकारला जातो. कचेरीच्या आवारात चार पावसाळे उभी राहून तळ गंजलेली, चाकांत गवत वाढलेली जीप या लिलावातून एखाद्या वीटभट्टीवाल्याच्या, भातगिरणीवाल्याच्या किंवा दुधाचा धंदा करणाऱ्याच्या हाती येई, आणि येथून तिच्या दुसऱ्या आयुष्यास प्रारंभ होई. कर्जत-खालापुरातल्या जीपगाड्यांचा खरा इतिहास या दुसऱ्या आयुष्याचा आहे. पहिल्या आयुष्यात तिच्यामागे सरकारी तिजोरी होती, वर्कशॉप होते, सुट्या भागांचा पुरवठा होता. दुसऱ्या आयुष्यात तिच्यामागे रस्त्याकडेचा एक पत्र्याचा मांडव, एक चरीसारखा खणलेला खड्डा आणि त्या खड्ड्यात उतरणारा मिस्त्री, एवढेच होते.

जुनी गाडी गळते ती का, याचे उत्तर तिच्या घडणीत आहे. विलिसच्या जुन्या इंजिनात क्रँकच्या मागल्या टोकाशी तेल अडवण्यासाठी रबरी सील नसून विणलेल्या दोरीचे पॅकिंग बसवलेले असे. ते दाबून बसलेले असते तोवर ठीक, झिजले की तेल मागे क्लचच्या घरात उतरते. ऑइलचे चेंबर आणि टॅपेटचे झाकण यांच्या सांध्यांत बुचाच्या लाकडाचे गास्केट असे, जे गाडी महिना-दोन महिने उभी राहिली की वाळून आकसते. पुढच्या ॲक्सलच्या दोन्ही टोकांस जे लोखंडी गोळे असतात आणि ज्यांच्या पोटात चाक वळवणारा सांधा ग्रीसमध्ये बुडालेला असतो, त्यांना चिखलापासून राखणारे कडे नमद्याचे असे; आणि नमदा किती चिखल सोसणार, विशेषतः भाताच्या खाचरांतून जाणाऱ्या वाटेवर? रबरी सीले आली तेव्हाही प्रश्न मिटला नाही. उष्णतेने रबर कडक होते, त्याची धार बोथट होते, आणि वर्षानुवर्षे एकाच ठिकाणी घासून त्या धारेने दांड्यावर बारीक खाचही पाडलेली असते, त्यामुळे नवे सील बसवले तरी तेल त्या खाचेतून वाट काढते. जाणता मिस्त्री अशा वेळी नवे सील पूर्वीच्या जागेपासून दोन सूत आत किंवा बाहेर बसवतो, जेणेकरून त्याची धार न झिजलेल्या पोलादावर टेकावी.

परंतु सील बदलणे हा उपचार झाला. विद्या आहे ती निदानात. गाडीखालून तेल पडते आहे एवढे कोणालाही दिसते. ते कोणते तेल, कोठून निघाले आणि का निघाले, या तीन प्रश्नांची उत्तरे त्याच क्रमाने शोधावी लागतात, आणि क्रम चुकला की पैसा वाया जातो. गाडी धावत असताना वारा तेलाला मागे ढकलतो आणि वजन त्याला खाली ओढते, म्हणून थेंब जेथे पडतो तेथे दोष नसतो, तो त्याच्या पुढे आणि वर असतो. टॅपेटच्या झाकणातून निघालेले तेल इंजिनाच्या कडेने उतरून, चेंबरच्या काठाने मागे जाऊन, क्लचच्या घराच्या, म्हणजे बेल हौसिंगच्या, तळाशी टपकते, आणि अननुभवी माणूस मागले मुख्य सील गेले असे समजून इंजिन उतरवायला घेतो. म्हणून जुन्या मिस्त्रींची आपल्या हाताखालच्या पोराला पहिली ताकीद असे, "अरे, आधी धू, मग शोध." रॉकेलने आणि ब्रशने इंजिन, गिअरबॉक्स, ॲक्सलचे हौसिंग सगळे स्वच्छ धुवायचे, फडक्याने कोरडे करायचे, संशयाच्या जागी टाल्कम पावडर उडवायची, गाडी थोडी फिरवून आणायची आणि मग बॅटरी घेऊन खाली शिरायचे. पावडरीवर सगळ्यांत वर आणि सगळ्यांत पुढे जी ओली रेघ उमटली, ती गळतीचे मूळ. रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरून ठेवला तर सकाळी डागांच्या जागांवरून अर्धे निदान होते. फक्त पुठ्ठ्यावर पुढचे टोक कोणते ते खडूने लिहून ठेवावे लागते.

कोणते तेल, हे रंग, वास आणि स्पर्श सांगतात. काळे आणि पातळ असेल तर इंजिनाचे. दाट, पिवळसर आणि गंधकाच्या उग्र वासाचे असेल तर गिअरबॉक्सचे किंवा हौसिंगचे नव्वद नंबरचे. गंजाच्या रंगाचे पाणी असेल तर रेडिएटर, होजपाइप किंवा वॉटर पंप. चाकाच्या आतल्या बाजूस टायर ओला दिसला तर मात्र मिस्त्री क्षणभर थांबतो, कारण तेथे दोन प्रकारची तेले येऊ शकतात आणि त्यांपैकी एक जिवाशी खेळणारे असते. तो बोटाने तो ओलावा उचलतो, अंगठ्यावर चोळतो, नाकापाशी नेतो, आणि मग त्या बोटावर पाण्याचे चार थेंब टाकतो. पाणी वरून घरंगळले आणि बोट तेलकटच राहिले तर ते ॲक्सलचे तेल, सील गेलेले आहे, दोन दिवस गाडी जपून चालवता येईल. पाण्याबरोबर ते धुऊन गेले, आणि चाकाच्या आतल्या कडेचा रंग फुगून सुटलेला दिसला, तर ते ब्रेक ऑइल. व्हील सिलिंडरचे रबर फाटलेले आहे, आणि जुन्या जीपमध्ये चारही चाकांचा ब्रेक एकाच मास्टर सिलिंडरवर चालत असल्याने एका चाकाशी गळती झाली की घाट उतरताना चारही चाके निराधार होतात. अशी गाडी त्या ठिकाणाहून हलू द्यायची नाही, मालकाला कितीही घाई असो. ब्रेकमध्ये तेल कमी पडले म्हणून इंजिनाचे खनिज तेल ओतण्याचा अविचार करणाऱ्यांनाही मिस्त्री कळवळून बोलत, कारण जुन्या काळी ब्रेकचे तेल एरंडेलाच्या आधारावर बनत असे, ब्रेकमधले रबर त्याच जातीचे तेल सोसणारे असे, आणि खनिज तेलाचा स्पर्श होताच ते फुगून सगळी यंत्रणा निकामी करी.

काही गळत्या अशा की त्या जमिनीवर उमटतच नाहीत. विलिसच्या गिअरबॉक्सला पाठीमागून ट्रान्सफर केस जोडलेली असते आणि दोहोंमधून तेल इकडचे तिकडे जाऊ शकते. दातऱ्यांच्या फिरण्याने ते मागे ओढले जाते, गिअरबॉक्स कोरडी पडते आणि मागची पेटी काठोकाठ भरते. मग मागल्या सीलमधून निघालेले तेल नेमके हॅण्डब्रेकच्या ड्रममध्ये शिरते, कारण या गाडीचा हॅण्डब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या मागल्या दांड्यावर असतो. परिणामी मालक तक्रार आणतो ती हॅण्डब्रेक धरत नसल्याची, आणि दोष निघतो तो तेलाच्या सीलचा. घाटात थांबलेल्या जीपच्या चाकाखाली दगड ठेवण्याची जी सवय ड्रायव्हरांना लागली तिचे मूळ पुष्कळदा या एका सीलमध्ये होते. याहून चमत्कारिक गोष्ट पेट्रोल पंपाची. इंजिनाच्या कडेला बसवलेल्या पंपाचा पडदा आतून फाटला की पेट्रोल बाहेर न पडता चेंबरात उतरते, आणि तेल मोजण्याच्या पट्टीवर तेलाची पातळी खाली जाण्याऐवजी वर चढू लागते. तेल वाढले म्हणून भोळा मालक संतुष्ट होतो. मिस्त्री पट्टी हुंगतो आणि गाडी बंद करायला सांगतो, कारण पातळ झालेल्या तेलात बेअरिंगे जळायला फार वेळ लागत नाही. तसेच पाणी रोज कमी होते आणि खाली एक थेंब नाही, धूर पांढरा येतो, तेलाच्या झाकणाखाली दुधाळ साय जमते, अशी लक्षणे एकत्र आली तर हेड गास्केट गेले असे समजावे.

या तालुक्यांची जी स्वतःची भर या विद्येत आहे ती पाण्याच्या संबंधाने. जून ते सप्टेंबर या महिन्यांत ओढा ओलांडल्यावाचून कोठेच जाता येत नसे. चार-पाच मैल चालून तापलेले हौसिंग थंड पाण्यात बुडाले की आतली हवा आकसते, आतला दाब उतरतो, आणि ज्या सीलमधून एरवी तेल बाहेर येते त्याच सीलमधून पाणी आत ओढले जाते. हौसिंगच्या माथ्यावर श्वास घेण्याची एक छोटी बोंडी असते, तिला ब्रीदर म्हणतात. ती उघडी असेल तर हवा तेथून जाते-येते आणि सीलवर जोर पडत नाही, पण चिखलाने ती बुजली की उन्हाळ्यात तेल बाहेर फेकले जाते आणि पावसाळ्यात पाणी आत शोषले जाते. दोन वेळा सील बदलूनही पुन्हा गळते अशी गाडी आली की चांगला मिस्त्री तिसरे सील मागवीत नाही, तो आधी ब्रीदरमध्ये तार घालून बघतो. एका सुईएवढ्या छिद्रापायी किती मालकांनी किती पैसे दवडले असतील याची गणती नाही. लष्करी जीपच्या बेल हौसिंगच्या तळाशीही असेच एक छिद्र असे. खोल पाण्यात उतरण्यापूर्वी त्याला बूच लावायचे आणि पलीकडे गेल्यावर काढायचे, असा नियम होता. बूच काढायचे राहिले तर मागल्या पॅकिंगमधून पाझरलेले तेल आत साचत जाते, क्लच प्लेट भिजते, आणि चढणीवर इंजिन ओरडते पण गाडी पुढे सरकत नाही. पावसाळा संपला की, दोष दिसो वा न दिसो, दोन्ही हौसिंगांचे, गिअरबॉक्सचे आणि पुढच्या गोळ्यांचे तेल काढून पाहायचे, दुधाळ निघाले तर टाकून द्यायचे आणि बेअरिंगे तपासायची, हा सल्ला जुने मिस्त्री आजही देतात आणि तो पूर्णपणे शास्त्रशुद्ध आहे.

सगळ्याच गळत्या बंद करण्याच्या मागे हे लोक लागत नसत, आणि यातही त्यांचा विवेक दिसतो. ओल वेगळी, थेंब वेगळा, धार वेगळी. चेंबरच्या काठाशी धूळ चिकटण्याइतकी ओल असेल तर ती राहू द्यावी, दर आठवड्यास तेल बघावे. थेंब पडू लागला तर हंगाम संपल्यावर काम काढावे. ब्रेक आणि पेट्रोल यांच्या बाबतीत मात्र ओलसुद्धा सहन करावयाची नाही. हाताशी तयार गास्केट नसे तेव्हा जाड कागद झाकणावर ठेवून, हातोडीच्या गोल डोक्याने कडेने हलके ठोकून त्याचा आकार उठवीत, शेलॅक लावून बसवीत, आणि बोल्ट एका बाजूने न आवळता समोरासमोरचे जोडीने आवळीत. फार जोराने आवळलेले झाकण वाकते आणि वाकलेले झाकण कायमचे गळते, ही गोष्ट नव्या पोराला कळायला एक झाकण वाया जावे लागे.

ऐंशीच्या दशकात डिझेल जीप आल्या. प्यूजोच्या धर्तीचे २११२ घनसेंटिमीटरांचे इंजिन घातलेली एमएम ५४० ही त्यांतली सर्वांत लोकप्रिय, आणि तिच्यामागून कमांडर, मार्शल या लांब गाड्या, ज्यांत माणसे दाटीवाटीने बसून बाजाराला आणि स्टेशनला येऊ लागली. डिझेलच्या गळतीचे शास्त्र निराळे. तेथे बाहेर येणाऱ्या डिझेलपेक्षा सांध्यातून आत शिरणारी हवा अधिक पीडा देते, गाडी सकाळी सुरू होत नाही आणि जमीन मात्र कोरडी असते. या काळात खोपोलीचे महत्त्व मोठे होते. मुंबई-पुणे रस्ता गावातून जाई, घाट चढण्यापूर्वी पाणी, तेल, ब्रेक पाहून घ्यायचे आणि वर घाटात शिंगरोबाच्या देवळापाशी नाणे टाकून पुढे जायचे, हा चालकांचा परिपाठ होता. ज्या धनगराने इंग्रजांना घाटाची वाट दाखवली अशी कथा आहे त्याचे हे देऊळ. २००२ साली द्रुतगती मार्ग पुरता खुला झाला, दूरच्या गाड्यांनी तो धरला, आणि जुन्या रस्त्याकडेच्या गॅरेजांच्या वाट्याला प्रामुख्याने तालुक्यातल्या गाड्याच उरल्या.

जीप सर्वत्र पोहोचली असे समजणे चूक आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या पायथ्याची ठाकरांची इर्शाळवाडी दरडीखाली गाडली गेली, तेव्हा मदतीस गेलेल्या माणसांना अंधारात आणि पावसात डोंगर पायी चढावा लागला, कारण तेथे कोणत्याही वाहनाला जाण्यासारखी वाटच नव्हती. चारही चाकांना जोर असलेल्या गाडीच्या गौरवाचा हा लेख लिहिताना त्या वाडीचे स्मरण टाळणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते.

त्याच वर्षी १ एप्रिलपासून पंधरा वर्षांहून जुन्या सरकारी वाहनांची नोंदणी रद्द करून ती भंगार केंद्रात देण्याचा केंद्र सरकारचा नियम अमलात आला. हवेच्या शुद्धतेसाठी आणि रस्त्यावरील सुरक्षेसाठी असा नियम आवश्यक आहे, याविषयी माझ्या मनात संदेह नाही. पण कचेरीतून लिलावात, लिलावातून खेड्यात आणि खेड्यात मिस्त्रीच्या हाताखाली नव्या पोराची शाळा, अशी जी साखळी चाळीस-पन्नास वर्षे चालू होती तिचा पहिलाच दुवा या नियमाने निखळला. आता कर्जतच्या बाजूला जुन्या जीप येतात त्या बहुधा मुंबई-पुण्याच्या हौशी मालकांच्या, पावसाळ्यात चिखलातून आणि नदीच्या पात्रातून चालवण्यासाठी घेतलेल्या. त्यांच्याजवळ पैसा आहे, उत्साह आहे, परदेशातून भाग मागवण्याची सोय आहे; टायर ओला दिसल्यावर बोट लावून पाहण्याचा धीर तेवढा कमी आहे.

अशा मालकांना माझे दोन गोष्टींचे आग्रहपूर्वक सांगणे आहे. जुनी जीप घेतली असेल तर पहिल्या पावसाळ्यापूर्वी या भागातल्या एखाद्या वृद्ध मिस्त्रीच्या खड्ड्यावर ती उभी करा, स्वतः त्याच्याबरोबर खाली उतरा, आणि तो जे दाखवील ते वहीत लिहून घ्या. ही माणसे आता थोडी उरली आहेत आणि त्यांची मुले बहुतेक दुसऱ्या धंद्यांत गेली आहेत. आणि जी गाडी तेल गाळते ती नदीत घालू नका. उल्हास आणि तिला मिळणारी पेज यांचे पाणी पुढे बदलापूर, उल्हासनगर, कल्याण येथील लाखो घरांत पिण्यासाठी जाते.